लोखंड वितळायच्या आधीच मऊ पडतं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

आज थेट एका व्हॉइस मेसेजपासून सुरुवात करते.

आपला एक श्रोता आहे, आयटीआय केलेला फिटर. तो जिथे काम करतो त्या गोदामाला आग लागली. नशीब, कुणाला काही झालं नाही. माल जळला, पत्रे गेले, पण शेडचा सांगाडा उभा आहे. दोन-तीन कैच्यांना बाक आलाय, बाकी सगळं सरळ दिसतंय. मालकांचं म्हणणं, "लोखंड वितळलंय का? नाही ना? मग घासा आणि रंग मारून घ्या." आणि हा मला विचारतोय, "ताई, वितळलं नाही म्हणजे ते ठीक आहे ना? कारण वर चढून नवे पत्रे मलाच बसवायचेत."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर ठरवलेला विषय बाजूला ठेवला. एक गोष्ट आधीच सांगते. मी फिजिक्सवाली आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही. त्यामुळे "चढ" किंवा "चढू नको" हे मी फोनवरून सांगणार नाही. पण आगीत लोखंडाच्या आत काय होतं, हे नक्की सांगू शकते. ते कळलं की मालकांना काय विचारायचं, हेही कळेल.

शुद्ध लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला. इमारतीच्या किंवा गोदामाच्या साध्या आगीत तापमान साधारण ८०० ते १००० अंशांपर्यंत जातं. म्हणजे मालकांचं खरं आहे, लोखंड वितळणारच नव्हतं. पण प्रश्न वितळण्याचा नव्हताच मुळी. लोणी फ्रीजमधून बाहेर काढलं की वितळायच्या कितीतरी आधी सुरी त्यात सहज शिरते. लोखंडाचं तसंच असतं, फक्त आकडे मोठे.

युरोपात इमारती बांधताना जी संहिता वापरतात, युरोकोड ३, तिच्यात तापलेल्या पोलादाचा तक्ता आहे. त्यात पोलादाचा ताठपणा ५०० अंशांना ६० टक्के धरतात, ६०० ला ३१ टक्के आणि ७०० ला फक्त १३ टक्के. हे आकडे जरा सावधपणे धरलेले असतात, कारण आगीत पोलाद भाराखाली हळूहळू सरकतही असतं आणि ते त्यात मिळवलेलं आहे. नुसता ध्वनिलहरी सोडून ताठपणा मोजला तर घट बरीच कमी दिसते. पण दिशा तीच.

आता हा ताठपणा एवढा महत्त्वाचा का? शाळेतली प्लास्टिकची पट्टी घ्या. दोन्ही टोकं तळहातांत धरून दाबा. पट्टी तुटत नाही, पटकन बाजूला बाक येतो. खांबाचं असंच होतं. उंच, सडपातळ खांब बहुतेक वेळा चिरडून जात नाही, तो बाक येऊन जातो. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रात धातू किती मजबूत आहे हे येतच नाही, किती ताठ आहे एवढंच येतं. ताठपणा निम्मा झाला की खांब निम्म्या भारालाच वाकतो. धातूचा एक थेंबही न वितळता.

(इथे तो "विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही" वाला रील आठवला असेल तर बरोबर आठवला. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांबद्दल फिरतो तो. नाहीच वितळत. अमेरिकेच्या सरकारी तपासानेही वितळल्याचा दावा केलेला नाही. धडकेने पोलादावरचं अग्निरोधक आवरण उडालं, उघडं पडलेलं पोलाद तापून मऊ झालं, मजले खाली झोळले आणि त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले, असं त्यांचं म्हणणं. शेजारची ४७ मजली इमारत तर संध्याकाळी पडली, आणि तिथे सुरुवात झाली ती तापून लांबलेल्या तुळयांमुळे. असो, तो वेगळा एपिसोड.)

बरं, हा ताठपणा येतो कुठून?

लोखंडाची एक तार समजा. जाडी एक चौरस मिलिमीटर, लांबी एक मीटर. तिला १० किलोचं वजन टांगलं तर ती साधारण अर्धा मिलिमीटर लांबते. वजन काढलं की पुन्हा मूळ लांबीवर. यालाच स्थितिस्थापकता म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. ताणलं तर ताणलं जाणं आणि सोडलं तर परत येणं. तारेतल्या शेजारी-शेजारी अणूंमध्ये जणू स्प्रिंगा लावल्यात. तार लांबली म्हणजे प्रत्येक स्प्रिंग एवढीशी ताणली गेली.

या स्प्रिंगा कधीच स्वस्थ नसतात. आत्ता तुमच्या हातातल्या फोनच्या चार्जरमधला पोलादी स्क्रू घ्या. त्यातला प्रत्येक अणू जागच्या जागी थरथरतोय. लोखंडातली सगळ्यात जलद कंपनं सेकंदाला सुमारे ९ लाख कोटी वेळा होतात. थरथर किती मोठी? खोलीच्या तापमानाला शेजारच्या अणूपर्यंतच्या अंतराच्या काही टक्के. तापवत जाल तशी ती वाढते. १९१० मध्ये लिंडेमान नावाच्या शास्त्रज्ञाने एक ढोबळ नियम सांगितला, की ही थरथर शेजाऱ्याच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेली की स्फटिक टिकत नाही, वितळतो. लोकलच्या डब्यात सगळे आपापल्या जागी उभे आहेत, पण प्रत्येक जण एवढा हलायला लागला की जागाच राहिली नाही, तसं.

तापल्यावर धातू फुगतो तोही याच थरथरीमुळे. स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारखी नसते. दोन अणूंना जवळ ढकलणं फार अवघड असतं, लांब नेणं त्यामानाने सोपं. मग जोरात थरथरणारा अणू सरासरीने थोडा लांबच राहतो. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना कुणी पाहिलंय? गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करतात, लाकडी चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. चार फुटी चाकाची धाव एवढी तापल्यावर व्यासाला साधारण एक सेंटीमीटर मोठी होते. तेवढ्यावरच सगळा खेळ. ती आवळते आणि चाकाचे सांधे कायमचे घट्ट बसतात. लांब गेलेल्या अणूंमधली स्प्रिंग ढिली पडते, म्हणून तापला की धातू मऊ पडतो. हे जवळपास सगळ्या धातूंना लागू आहे.

पण लोखंड जरा आगाऊ आहे. फुगल्यामुळे जेवढं मऊ पडायला हवं, त्यापेक्षा ते बरंच जास्त मऊ पडतं. आणि सगळीकडून सारखं पडत नाही, एकाच बाजूने ढासळतं. मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू असे रचलेले असतात: एक चौकोनी खोका, आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि बरोब्बर मध्ये एक. मधल्याचे सगळ्यात जवळचे शेजारी म्हणजे ते आठ कोपरे. त्यानंतरचे शेजारी म्हणजे आजूबाजूच्या सहा खोक्यांचे मधले अणू, अंतर जरासंच जास्त. आता समजा आपण फक्त जवळच्या आठ शेजाऱ्यांनाच स्प्रिंगा लावल्या. गणित केलं तर कळतं की ही रचना एका विशिष्ट तिरक्या ढकलण्याला अजिबात विरोध करत नाही. शून्य! गोदामातलं स्लॉटेड अँगलचं रॅक आठवा. उभे अँगल आहेत, आडव्या फळ्या आहेत, पण मागची तिरपी पट्टी लावलेली नाही. बाजूने बोट लावलं की आख्खं रॅक कलतं. लोखंडात त्या तिरप्या पट्टीचं काम दुसऱ्या फळीतले ते सहा शेजारी करतात.

आणि तापवल्यावर नेमकी हीच पट्टी ढिली होते. या तिरक्या ढकलण्याला लोखंडाचा जो विरोध असतो तो खोलीच्या तापमानाला सुमारे ४८ गिगापास्कल आहे. ९०० अंशांच्या जवळ तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. त्याच लोखंडाला दुसऱ्या एका दिशेने तिरकं ढकललं तर तिथला विरोध तेवढ्याच तापमानाला फक्त पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी होतो. धातू एकच आणि तापमानही तेच.

हे अणूंच्या पातळीवर मोजायचं कसं? युक्ती भारी आहे. निसर्गातल्या लोखंडात सुमारे २ टक्के अणू लोह-५७ या प्रकारचे असतात. त्यांचं केंद्रक एका अगदी ठरावीक ऊर्जेचाच क्ष-किरण शोषतं, १४.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. बसचा कंडक्टर असतो ना, "सुट्टे द्या, पूर्ण द्या, नाहीतर उतरा" म्हणणारा? तसं हे केंद्रक. ज्या मोसबाउअर परिणामामुळे हे शक्य झालं, तो १९५८ मध्ये इरिडियमवर सापडला आणि १९६१ मध्ये रुडॉल्फ मोसबाउअर यांना नोबेल मिळालं. पण पुढे गाजलं ते लोखंडच. आता मुद्दाम थोड्या कमी ऊर्जेचा क्ष-किरण पाठवला तर? भाडं कमी पडतं. पण अणू थरथरतोय, त्या थरथरीतून उरलेले सुट्टे भरले गेले तर केंद्रक किरण घेतं. म्हणजे किती कमी पाठवल्यावर किती वेळा तिकीट फाटलं, याची यादी ठेवली की आत कोणत्या ऊर्जेची थरथर किती आहे याचा हिशेब हातात येतो. ही थरथरीची ऊर्जा त्या क्ष-किरणाच्या साधारण चार लाखांत एक एवढीशी. तरी मोजता येते.

कॅल्टेकमधल्या ब्रेंट फुल्ट्झ यांच्या गटाने हा प्रयोग तापत्या लोखंडावर केला. लिसा मॉगर आणि सहकाऱ्यांचा पेपर २०१४ चा आहे. खोलीच्या तापमानापासून ते पार ९१२ अंशांच्या पुढेपर्यंत त्यांनी कंपनं मोजली. तापमान वाढलं तशी सगळीच कंपनं मंदावली, ते अपेक्षितच होतं. पण बाजूबाजूने डोलणारी सगळ्यात मंद कंपनं साधारण ४३० अंशांच्या पुढे फारच झपाट्याने ढिली पडली. आणि दुसऱ्या फळीतल्या शेजाऱ्यांमधली स्प्रिंग लक्षणीय कमकुवत झालेली दिसली. तीच ती रॅकची तिरपी पट्टी. ४३० अंश! गोदामाच्या आगीच्या मानाने हे काहीच नाही.

असं का होतं, याचं बोट चुंबकत्वाकडे जातं. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक छोटा चुंबक आहे. थंड असताना शेजारी एकाच दिशेला तोंड करून असतात. तापवत गेलं की माना इकडेतिकडे वळायला लागतात आणि ७७० अंशांना ती शिस्त पार मोडते. लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. मॉगर यांच्या मोजमापात कंपनांचा हा जास्तीचा ढिलेपणा चुंबकी अव्यवस्थेच्या चढाबरोबरच चढताना दिसतो. म्हणजे शिस्त बिघडते तशी स्प्रिंगही बिघडते. दोन्ही हातात हात घालून चालतात, एवढं त्यातून दिसलं. कोण कुणाला ओढतं याचा नेमका हिशेब करणं अवघड आहे, आणि त्यावर काम चालू आहे.

७७० अंशांची ही खूण लोहारांना माहितीची आहे, बरं का. चाकू बनवणारे अनेक जण भट्टीतून पातं काढून त्याला चुंबक लावून बघतात. चिकटायचं थांबलं की पाणी द्यायची वेळ जवळ आली. आपल्याकडे गावोगाव फिरणारे घिसाडी हे काम नुसत्या रंगावरून करत आले. भाता मारायचा, रंग बघायचा, विळ्याला पाणी द्यायचं. थर्मामीटर म्हणजे डोळाच.

आता ९१२ अंशांची गंमत. त्या क्षणी लोखंडाचे अणू आपली रचनाच बदलतात. मधला अणू असलेला खोका मोडतो आणि जास्त दाटीची, प्रत्येक पृष्ठाच्या मध्ये अणू असलेली रचना होते. त्यामुळे तापत असतानाही लोखंड अचानक सुमारे एक टक्का आक्रसतं. थंड होताना उलट. १८६९ मध्ये जॉर्ज गोर या इंग्रज शास्त्रज्ञाने ताणून धरलेली लालभडक तार थंड होऊ दिली, तर ती आखडता आखडता मध्येच एक क्षण लांबली. १८७३ मध्ये विल्यम बॅरेट यांना त्याच सुमारास आणखी काही दिसलं. विझत चाललेली तार मध्येच पुन्हा उजळली! अणू नव्या जागी बसताना उष्णता बाहेर टाकतात, तिचा तो उजेड.

७७० ते ९१२ मधल्या लोखंडाला पूर्वी वेगळं नावही होतं, 'बीटा लोखंड'. चुंबकत्व गेलं म्हणजे आत काहीतरी नवीन रचना असणार, असं लोकांना वाटे. १९२२ मध्ये स्वीडनच्या वेस्टग्रेन आणि फ्रागमेन यांनी क्ष-किरण टाकून पाहिलं, तर रचना जुनीच, खोक्यात मधला अणू असलेली. म्हणून आजही पुस्तकात अल्फा, गॅमा, डेल्टा असं लिहिलेलं असतं आणि बीटा गायब असतो. आता कळलं का गायब असतो ते?

आणि डेल्टा? १३९४ अंशांना लोखंड पुन्हा जुन्याच रचनेत येतं आणि वितळेपर्यंत तिथेच राहतं. एकदा सोडलेलं घर पुन्हा का घेतलं? इथे तो ढिलेपणाच कामी येतो. स्प्रिंग ढिली म्हणजे अणूला हलायला जास्त जागा, हलायचे जास्त प्रकार, भौतिकशास्त्रात म्हणायचं तर जास्त एन्ट्रॉपी. आणि तापमान जितकं जास्त, तितकं निसर्ग एन्ट्रॉपीला जास्त मोल देतो. क्लॅरेन्स झेनर यांनी १९४० च्या दशकातच हे मांडलं होतं, की अशी रचना गरम असताना टिकते ती तिच्या या एका मऊ कंपनाच्या जोरावर.

आता गोदाम. मित्रा, ऐक.

चांगली बातमी ही, की अणूंच्या स्प्रिंगा थंड झाल्यावर परत ताठ होतात. ताठपणा कायमचा जात नाही. साध्या, गरम लाटलेल्या पोलादाचे आय-सेक्शन किंवा अँगल ६०० अंशांपर्यंत तापून थंड झाले असतील आणि सरळच राहिले असतील, तर त्यांची ताकद बहुतांश परत आलेली असते. आगीची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांमध्ये ढोबळ नियमच आहे, सरळ राहिला तर बहुधा चालेल. पण 'बहुधा' हा शब्द खाऊ नका.

जिथे बाक आलाय तिथे गोष्ट वेगळी. तिथे अणू एकमेकांवरून घसरून नव्या जागी जाऊन बसलेत, स्प्रिंग परत आली तरी आकार परत येत नाही. आणि वाकलेली कैची ऑयलरच्या हिशेबात आधीच हरलेली असते.

त्याहून मला काळजी बोल्टची वाटते. जोडाला वापरतात ते ८.८ ग्रेडचे हाय-टेन्साइल बोल्ट पाणी देऊन, पुन्हा ठरावीक तापवून कडक केलेले असतात. आग म्हणजे त्यांना न मागता दिलेली आणखी एक भट्टी. पुरेसे तापले तर ती कमावलेली ताकद कायमची उतरते, आणि बाहेरून बोल्ट अगदी धडधाकट दिसतो. पत्र्याखालच्या झेड पर्लिनचंही तेच, त्या थंड असताना वाकवून बनवतात आणि त्या वाकवण्यातून आलेली ताकद तापल्यावर निघून जाते. म्हणजे तू पाय ठेवणार ती पर्लिन आणि तिला धरणारा बोल्ट, नेमक्या याच दोन गोष्टी नजरेने तपासता येत नाहीत. रंग मारल्यावर तर अजिबातच नाही. उलट जुना रंग कुठे फोड आलेला आहे, कुठे पार जळून गेलाय, यावरून कुठे किती तापलं होतं याचा अंदाज लागतो. तो पुरावा घासायच्या आधी फोटो काढून ठेव. आणि मालकांना एवढंच विचार: स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिलंय का, आणि त्याने लिहून दिलंय का? तोपर्यंत वर चढायचं नाही म्हटलंस, तर तो आगाऊपणा ठरत नाही.

एक शेवटचं. या सगळ्याचा एक नमुना आपल्या पायाखाली आहे, ५१५० किलोमीटर खोल. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटात एक वेगळा आतला गाभा आहे हे ओळखलं. आज आपल्याला माहीत आहे की तो घन आहे, मुख्यतः लोखंडाचा, त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर. तिथला दाब वातावरणाच्या ३३ लाख पटींहून जास्त. एवढ्या दाबाखाली लोखंड भयंकर ताठ असायला हवं. पण आडव्या लहरी तिथून सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरनेच जातात. भौतिकशास्त्रात पॉइसाँचं गुणोत्तर म्हणून एक आकडा असतो, आपल्या साध्या लोखंडाचा ०.२९, रबराचा जवळजवळ ०.५. गाभ्याचा येतो ०.४४. म्हणजे वितळायच्या काठावर बसलेलं, थरथरून थरथरून मऊ पडलेलं लोखंड. काहींच्या मते त्यात मिसळलेली हलकी मूलद्रव्यं याला कारण आहेत. २०२३ मध्ये एका गटाने गणिताने दाखवलं, की तिथले अणू रांगेने एकमेकांच्या जागी सरकत असावेत, खोका तसाच ठेवून. सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही.

फिटर मित्रा, इंजिनिअर काय म्हणाला ते मेसेज करून कळव. भेटू पुढच्या शुक्रवारी.